मार्काची अहिराणी वही

१

रविवारी सकाळी दहा वाजता मेहरूणच्या वाचनालयात ललित चौधरींनी जी आरोळी ठोकली, ती तलावावरच्या बगळ्यांनीसुद्धा ऐकली असेल.

"वही गेली! अहो, वही गेली!"

ललित वाचनालयाचे चिटणीस. माणूस कामसू, पण घाबरट. काचेच्या कपाटासमोर ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. कपाटात निळी मखमल होती, मखमलीवर वहीचा चौकोनी ठसा होता आणि वही नव्हती.

त्या वहीसाठीच तर आजचा सगळा घाट होता. संध्याकाळी पाच वाजता 'शुभवर्तमानं इतिहास म्हणून कितपत खरी?' या विषयावर, म्हणजे येशूच्या आयुष्यावरच्या बायबलमधल्या चार पुस्तकांवर, दोन मित्रांचा जाहीर संवाद होता. एका बाजूला इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक तोताराम नेहेते. देवधर्माबाबत हात झटकून मोकळे झालेले, पण गावोगावच्या जुन्या कागदांवर जीव टाकणारे. दुसऱ्या बाजूला साक्रीकडच्या चर्चचे पाळक पंडित गावित. दोघं चाळीस वर्षांपूर्वी धुळ्याला कॉलेजात एका बाकावर बसले, तेव्हापासून भांडत होते आणि एकमेकांवाचून त्यांचं पानही हलत नव्हतं.

वही होती पाळकांच्या आजोबांची. रुपचंद मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. एकोणीसशे एकतीस साली त्यांनी मार्काचं शुभवर्तमान अहिराणीत उतरवलं, तेही शाळेच्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजूवर. त्याच वर्षी ते वारले. आज प्रथमच ती वही चारचौघांपुढे येणार होती, आणि पाळकांच्या भाषणाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. आमंत्रणपत्रिकेतच त्यांनी छापलं होतं, 'पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका हाताची. आमच्या घरात नव्वद वर्षांत त्यात काना-मात्रा बदलली नाही. मग त्या पहिल्या शिष्यांनीच बदल केले असं का मानायचं?'

पाळक सव्वादहाला आले. रिकामं कपाट पाहिलं. खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

ते पाहून कुंदाअक्कांना राहवलं नाही.

कुंदाअक्का म्हणजे कुंदाबाई बोरसे. धुळ्याच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलायचे आणि त्या उतरवून घ्यायच्या. खरं बोलणारे, खोटं बोलणारे, आणि खोटं बोलतोय हे स्वतःलाच ठाऊक नसलेले. निवृत्तीनंतर लेकीकडे जळगावला आल्या आणि वाचनालयाच्या रोजच्या सभासद झाल्या.

"पोलिसांना फोन करतो," ललित म्हणाले.

"करा की. पण दुपारनंतर करा," कुंदाअक्कांनी पिशवीतून वही-पेन्सिल काढली. "आधी मला सगळ्यांशी बोलू द्या. एकेकट्यानं. आणि ललितभाऊ, पहिले तुम्ही."

२

ललित अगदी खात्रीनं बोलले. "अक्का, पावणेदहाला पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस वही काखोटीला मारून मागच्या दारानं गेला. चांगला सहा फुटी होता."

कुंदाअक्कांच्या पेन्सिलीनं आपल्या आकड्या-वेलांट्यांत ते टिपलं.

मग ग्रंथपाल प्रमिलाबाई आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "काय सांगू कुंदाअक्का! पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस वही काखोटीला मारून मागच्या दारानं गेला. दाढी होती. आणि नजर कशी, चोरटी!"

पेन्सिल जरा थबकली. पण चालू राहिली.

तिसरे तोतारामसर. सर सकाळी नऊलाच आले होते, संध्याकाळसाठी वही नीट पाहून घ्यायला. पाहून झाल्यावर वही कपाटात ठेवली आणि वर्तमानपत्रं वाचत बसलो, असं त्यांनी सांगितलं. जानेवारीची थंडी त्या दिवशी हाडात शिरत होती. सर एकामागून एक शिंका देत होते आणि त्यांचे उघडे कान लालबुंद झाले होते.

"मी काय सांगणार," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस. वही काखोटीला मारून मागच्या दारानं गेला. एवढंच."

"दाढी होती?"

"दाढी?" सर गोंधळले. "दाढीचं मला माहीत नाही."

उरल्या धुरपदाबाई. त्या वाचनालयाची झाडलोट करत. महिन्यापूर्वीच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांना बोलावलं तेव्हा ललित हसले. "अक्का, धुरपदाबाईचं काय लिहून घेता! तिला हातभर लांबचं दिसत नाही."

"दिसत नसेल, पण बोलता तर येतं?" म्हणून कुंदाअक्कांनी त्यांना समोर बसवलं.

"मी साडेनवपाईन पुढला ओटा धुई ऱ्हायंती, ताई," धुरपदाबाई म्हणाल्या. "दहा वाजालोंग. मन्हा वल्ला फरशीवर एक बी पाय उठना नही. कोनीच बाहेर गया नही. बठ्ठा झूठ शे."

"पुढच्या ओल्या फरशीवर पाऊल नाही, म्हणून सगळं खोटं? पण ते तर मागच्या दारानं गेला म्हणतात."

"मागलं दार?" धुरपदाबाईंनी कपाळावर हात मारला आणि उठून चालू लागल्या. कुंदाअक्का मागोमाग गेल्या.

मागच्या दाराला शनिवारी दुपारीच हिरवा ऑइलपेंट दिला होता. ललितनीच रंगारी लावला होता. रंगाची पापडी दारावरून चौकटीवर अखंड गेली होती. कुठे चीर नाही, कुठे ओरखडा नाही. कुंदाअक्कांनी जोर लावून पाहिला. दार हललं नाही. नुसता बोटांना हिरवा रंग लागला.

शनिवार दुपारपासून त्या दारानं मुंगीसुद्धा गेली नव्हती.

"दखं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "आन आखो एक सांगू का? सर उनात तव्हय गयामा मफलर व्हता. तपकिरी. मीच त्यासले म्हंतं, सर, आते माकडटोपी बी घाला. आते दखा, कान उघडा."

सरांच्या गळ्यातला मफलर गेला कुठे? कुंदाअक्का रंगलेल्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या. पुढचं दार ओलं, मागचं दार बंद. म्हणजे वही बाहेर गेलीच नव्हती, आणि पांढऱ्या शर्टातला माणूस आलाच नव्हता.

मग तिघांना तो दिसला कसा?

३

दुपारी प्रमिलाबाईंनी घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या. पाळकांनी घास तोडला आणि तसाच ताटात ठेवला. तोतारामसरांनी तर ताटाकडे पाहिलंही नाही. वातावरण हलकं करावं म्हणून कुंदाअक्कांनी विचारलं, "सर, मला एक सांगा. मी कोर्टातली बाई, मला हे काही कळत नाही. येशूच्या चार गोष्टी लिहिल्या चौघांनी. त्यातली आधीची कोणती, हे तुम्ही कसं ओळखता?"

आपल्या विषयावर प्रश्न आला की सर शिंकायचंसुद्धा विसरत. त्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे! चौथं जरा वेगळं, ते बाजूला ठेवा. मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शेजारी ठेवा. गोष्टी सारख्या असतील तर आश्चर्य नाही. पण शब्द सारखे आहेत. वाक्यांच्या वाक्यं! दोन माणसांनी एकच प्रसंग पाहिला, तर ते तो वेगवेगळ्या शब्दांत सांगतील की नाही?"

"सांगतील," कुंदाअक्का म्हणाल्या. "चौतीस वर्षांत मी दोन साक्षी शब्दाला शब्द सारख्या ऐकल्या, त्या फक्त पढवलेल्या."

"हां! म्हणजे एकानं दुसऱ्याचं घेतलं. आता कोणी कोणाचं? तर बहुतेक अभ्यासक म्हणतात, जो सगळ्यात आखूड, सगळ्यात ओबडधोबड, तो आधीचा. नंतरचे त्यात भर घालतात. मार्काच्या गोष्टीत येशूच्या रिकाम्या थडग्यात पांढऱ्या कपड्यातला एक तरुण बसलेला आहे, बस्स. मत्तयाकडे तो विजेसारखा चमकणारा देवदूत होतो आणि भूकंपही होतो. लूककडे एकाचे दोन होतात. गोष्ट वाढत जाते, अक्का. म्हणून मी म्हणतो, तीन साक्षीदार म्हणून मोजू नका. आधी बघा, तोंडं किती आहेत."

"तोता," पाळक पहिल्यांदाच बोलले, "तुझं अर्धं खरं आहे. पण त्या थडग्यावर आधी गेलं कोण? चौघंही सांगतात, बाया. त्या काळी बाईच्या साक्षीला कवडीची किंमत नव्हती. लूक तर लिहितो, शिष्यांना त्यांचं बोलणं बडबड वाटलं. मला खोटी गोष्ट रचायची असती, तर मी पेत्रासारख्या मोठ्या शिष्याला आधी पाठवलं असतं. स्वतःची अडचण करणारी साक्ष कोण रचतं?"

"ते मात्र मला खोडता येत नाही," सर म्हणाले.

"आणि मार्क लिहितो, येशूचा क्रूस वाहणाऱ्या शिमोनाची मुलं आलेक्सांद्र आणि रूफ. पुढे त्यांचं काही सांगत नाही. का? वाचणारे त्यांना ओळखत होते म्हणून. जाऊन विचारा, असंच म्हणणं ते."

"असेल. असेल," सर म्हणाले. त्यांनी मित्राकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात असं काही होतं की कुंदाअक्कांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

पांढऱ्या कपड्यातला एक तरुण, बस्स.

त्यांनी मांडीवरची टिपणं उघडली. ललितची साक्ष. प्रमिलाबाईंची. सरांची. बोट एकेका ओळीवरून फिरवलं. आणि तेवढ्यात अंगणातून गलका ऐकू आला.

"सापडला! पकडला! पांढरा शर्ट आहे, अक्का, आणि सहा फूट आहे!"

४

अंगणात आठ-दहा जणांच्या गराड्यात एक उंच, काळासावळा शेतकरी उभा होता. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. हातात कापडी पिशवी. ललितनी त्याचा दंड धरला होता, आणि धरलाय म्हणून त्यांनाच घाम फुटला होता.

"मी तं आताच उतरलो ना भो बसमधून!" तो माणूस काकुळतीनं सांगत होता. "नशिराबादचा पितांबर पाटील. भाषण ऐकायले आलो. तिकीट आहे ना माह्याकडे!"

"तिकीट कोणाचंही असेल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "दाढी पाहा!" दाढी होती, दोन दिवसांची. "नजर पाहा!" प्रमिलाबाई म्हणाल्या. नजर चोरटी नव्हती, भेदरलेली होती. कुणीतरी पिशवी ओढली. तिच्यातून चार केळी खाली पडली.

कुंदाअक्का पायरीवरून गर्दीकडे पाहत नव्हत्या. त्या तोतारामसरांकडे पाहत होत्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ललितभाऊ, सोडा त्यांना," कुंदाअक्कांनी कोर्टात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "सगळे आत या. पितांबरभाऊ, तुम्हीही. चहा घ्या. चोर कोण हे मी सांगते, आणि तुम्ही नाही एवढं आधीच सांगते."

सगळे आत आले. कुंदाअक्का काचेच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ललितभाऊ, मागचं दार उघडून दाखवा."

ललित ताडकन गेले आणि तसेच परत आले. हात हिरवे. "अरे देवा. रंग! मीच तर..."

"तुम्हीच रंगवून घेतलं. तरी त्या दारानं माणूस गेलेला तुम्हाला दिसला. खरं सांगा, दिसला की ऐकला?"

ललितनी मान खाली घातली. "वही गेली म्हणून मी ओरडलो, अक्का, तेव्हा कानावर आलं. मग मी मोबाइलवर वाचनालयाच्या ग्रुपवर टाकलं. आणि टाकल्यावर मला आठवायलाच लागलं, कुणीतरी गेलं होतं खरं."

"प्रमिलाताई?"

"मी ग्रुपवर वाचलं," प्रमिलाबाई पुटपुटल्या. "खिडकीतून पांढरं काहीतरी जाताना दिसलंही होतं. आता वाटतं, ललितच असतील."

"दोघंही खोटारडे नाहीत," कुंदाअक्का म्हणाल्या. "खोटारडा माणूस मला चटकन कळतो. ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसतं, तेच अवघड. तिघांच्या साक्षीत 'वही काखोटीला मारून मागच्या दारानं गेला' हे शब्द जसेच्या तसे आहेत. आजकाल काखोटीला मारून कोण म्हणतं हो? एका तोंडातून निघालं आणि तीन झाली. आता पहिलं तोंड कोणाचं? ललितभाऊंनी वेळ आणि उंचीचे फूट घातले. प्रमिलाताईंनी दाढी आणि नजर घातली. एकाच साक्षीत यातलं काही नाही. सगळ्यात आखूड. सगळ्यात ओबडधोबड. दाढीचं विचारलं तर म्हणाले, माहीत नाही. कारण रचताना तिथवर विचारच केला नव्हता."

सगळ्यांच्या माना तोतारामसरांकडे वळल्या.

"कसं ओळखायचं ते मला जेवताना त्यांनीच शिकवलं. वर हेही सांगितलं की तो माणूस आला कुठून. मार्काच्या शेवटच्या पानावरून आला, पांढरे कपडे घालून. जे पान तुम्ही नुकतंच वाचलं होतं, सर, तेच घाईत तोंडातून बाहेर पडलं."

तोतारामसरांनी डोळे मिटले.

"आणि ज्या एकमेव बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, तिला आपण दिसत नाही म्हणून बाजूला सारलं. धुरपदाबाई, सरांचा मफलर कुठे असेल?"

"मी काय सांगू, ताई?" धुरपदाबाई म्हणाल्या. "पन वहीले थंडी वाजनी व्हई."

पितांबर आधी हसला, मग बाकीचे. सर मात्र उठले, जड पावलांनी नकाशांच्या कपाटाशी गेले आणि सगळ्यात खालचा सपाट खण ओढला. कोरड्या, अंधाऱ्या जागी, खान्देशच्या जुन्या नकाशांखाली, तपकिरी मफलरात नीट गुंडाळलेली वही होती.

"पण का?" पाळकांचा आवाज चिरकला. "तोता, तू? माझी वही?"

सरांनी ती मित्राच्या हातात दिली. मात्र सोडली नाही. "उघडू नकोस, पंडित. निदान आज नको."

५

पाळकांनी वही उघडली.

शेवटची चार पानं त्यांच्या आठवणीत कायम एकमेकांना चिकटलेली होती. कुठल्याशा पावसात भिजली होती. फाटतील म्हणून तीन पिढ्या कुणी हात लावला नव्हता. सकाळी सरांनी एक जुनं पोस्टकार्ड मधे सरकवत सरकवत, तास घालवून, ती अलगद सोडवली होती.

रुपचंद मास्तरांचं अक्षर सरळ, शाळेच्या फळ्यावरचं. भाषाही मास्तरांचीच, अहिराणीत अधूनमधून पुस्तकी 'आहे' डोकावणारी. ते अक्षर थडग्यापर्यंत येत होतं. बाया घाबरून पळाल्या आणि त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही, इथवर. तिथे ते थांबलं होतं. खाली निम्मं पान दुसऱ्याच हातानं भरलं होतं. अक्षर डावीकडे कललेलं, जाड, आणि भाषा अशी की त्यात एकही 'आहे' नव्हतं. सगळीकडे 'शे'.

"आजोबा तिथवर आले आणि वारले असणार," सर हलक्या आवाजात म्हणाले. "पुढचं नंतर कुणीतरी भरलं. आणि तू तर पत्रिकेत छापून बसलास, एका हाताची, काना-मात्रा बदलली नाही. गंमत बघ, मार्काच्या सगळ्यात जुन्या प्रतीसुद्धा नेमक्या तिथेच थांबतात. पुढचं नंतरचं. मला पाच मिनिटांत जिंकता आलं असतं. सभेत वही उघडायची आणि बोट ठेवायचं. तुझ्या माणसांसमोर. मला ते जमेना. संध्याकाळनंतर आणून देणार होतो. ललित ओरडला आणि तोंडून काहीतरी निघून गेलं. इतिहासाच्या माणसानं पुरावा दडवला, पंडित. आणि या बिचाऱ्याचा दंड धरवला." ते पितांबरकडे वळले आणि हात जोडले.

"राहू द्या ना सर," पितांबर म्हणाला. "चहा चांगला झाला."

पाळकांचं मात्र कशाकडे लक्ष नव्हतं. ते पान डोळ्यांजवळ धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"हे मार्काच्या गोष्टीतलं नाही," ते म्हणाले. "कुठल्याच पुस्तकात नाही. ऐका." आणि त्यांनी वाचलं, "पन त्या कितला दिन चूप बसतीन?"

त्या बाया किती दिवस गप्प बसतील? कुंदाअक्कांच्या अंगावर काटा आला.

"पुढचं सगळं ओळखीचं आहे, पण हे वाक्य तिचं आहे, माझ्या आजीचं," पाळक खुर्चीत बसले. "खालच्या ओळीतला हा ठ बघा, पोटात गाठ मारल्यासारखा. मी धुळ्याला शाळेच्या वसतिगृहात होतो तेव्हा दर महिन्याला घरून पत्र यायचं. आजीच्या नावानं. 'बठ्ठा खुशाल शेतस' असं शेवटी. हाच ठ! आम्ही सगळे समजायचो, आजी सांगते आणि कुणीतरी लिहून देतं. कारण आजीला, भिकुबाईला, अक्षर येत नाही, असंच आमच्या घरात सगळे म्हणत. चर्चच्या रजिस्टरवर तिचा अंगठा आहे, अंगठा!" ते हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढावा लागला. "मास्तरांनी तिला शिकवलं असणार. आणि मास्तर गेल्यावर तिनं पुरं केलं. कुणाला न सांगता."

"पंडित," सर खोकले. "तुझा युक्तिवाद गेला, हे लक्षात येतंय ना?"

"गेला तर गेला, तोता! आजी मिळाली!"

६

पाच वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळच्या भानगडीची बातमी ग्रुपवरून अर्ध्या जळगावात गेली होती, आणि त्यात सहा फुटी माणसाची तीन माणसं आणि एक जीपगाडी झाली होती.

पाळक आधी बोलायला उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या पत्रिकेतली ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "हे चुकीचं आहे. आज सकाळपर्यंत मला ते खरं वाटत होतं." मग त्यांनी पान दाखवलं आणि सगळं सांगितलं, काही न झाकता. "माझ्या घरात एका वहीत दोन हात निघाले. म्हणून वही खोटी ठरली का? मास्तर खोटे की भिकुबाई खोटी? मी एवढंच शिकलो, कोणी काय पाहिलं आणि कोणी काय जोडलं हे वेगळं काढता येतं. काढलं तरी माझी श्रद्धा जागेवर राहिली. उलट तिला एक आजी जास्त मिळाली."

तोतारामसरांनी आपलं तयार भाषण खिशातच ठेवलं. चार शुभवर्तमानं म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत, त्यात उसनं आहे, भर आहे, आणि प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेलं आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पण पुढे म्हणाले, "मी सकाळी एक खोटा माणूस रचला. त्याला मी पांढरा शर्ट घातला, त्यापलीकडे मला काही सुचलं नाही. रचलेल्या गोष्टीला स्वतःची अडचण करून घेण्याची अक्कल नसते. म्हणून जिथे जिथे साक्ष सांगणाऱ्याचीच अडचण करते, तिथे मी यापुढे टोपी काढून उभा राहीन." आणि लगेच शिंकले.

शेवटी पितांबरनं हात वर केला. "दोन्ही सर, मले एकच सांगा. मंग तिथं खरं झालं तरी काय?"

"झालं!" पाळक म्हणाले. "माहीत नाही!" सर म्हणाले. दोघं एकाच वेळी बोलले, आणि सभागृह इतकं हसलं की ललितनी पाणी मागवलं.

सभा संपल्यावर खरं भांडण झालं, ते कपाटात वहीशेजारी ठेवायच्या चिठ्ठीवरून. प्रमिलाबाई पेन घेऊन बसल्या होत्या. "लिहा," पाळक म्हणाले, "शेवटची पानं भिकुबाईंची आहेत."

"असावीत," सर म्हणाले.

"आहेत! मी अक्षर ओळखतो."

"पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीतलं अक्षर, पंडित. सकाळी याच खोलीत लोकांना काय काय आठवत होतं! 'असावीत' लिहा, प्रमिलाताई."

पाळकांनी कुंदाअक्कांकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही सांगा."

"पत्रं कुठे आहेत?"

"गावी. बहिणीच्या पेटीत असतील तर."

"मग आज 'असावीत'," कुंदाअक्का म्हणाल्या. पाळक चरफडले, पण प्रमिलाबाईंनी तसं लिहिलं.

गुरुवारी दुपारी पाळक पुन्हा जळगावला आले. बसस्टँडवरून थेट रिक्षानं, छातीशी पत्र्याचा डबा धरून. डब्यात सतरा पोस्टकार्डं होती. तोतारामसर भिंग घेऊन खिडकीशी बसले. दीड तास तिथून उठले नाहीत. ठ पाहिला, शे पाहिला, ओळ डावीकडे कुठे कलते ते पाहिलं, आणि प्रत्येक कार्ड वहीच्या पानाशेजारी ठेवून परत पाहिलं. एका कार्डावर तर आजीनं नातवाला दटावलं होतं, 'आते तुले अक्षर उनं, तं मले लांबलचक लिखी पाठाव, मी वाचस.' मी वाचते. पाळकांनी ते तेव्हा वाचलं होतं आणि त्याचा अर्थ आता त्यांना लागत होता.

सरांनी भिंग खाली ठेवलं. कोणाकडे न बघता ते काचेच्या कपाटाशी गेले, चिठ्ठी बाहेर काढली, प्रमिलाबाईंच्या हातातून पेन घेतलं. 'असावीत'वर एक सरळ रेघ मारली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आहेत'.